पाठमोरा

विट्याहून तासगावकडे जाताना
येरळेच्या काठावर, वांगरेवाडीच्या शिवेला
एक वीरगळ आहे.
खाली लढाई, मधे अप्सरा,
वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला माणूस,
सगळ्या वीरगळांवर असतं तसंच.
फक्त खालच्या खणात
वीराची पाठ शत्रूकडे आहे
आणि मागे शत्रू वाकलेला.

गाव त्याला पळपुट्या म्हणतं.
बेंदराला बैल त्याच्या अंगावरून नेत नाहीत,
वरात वाट वाकडी करते,
शाळेतली पोरं त्याच्या ढालीवर चिंचोके फोडतात.
मागचा तो
दगड उचलायला वाकलाय म्हणे.

मी गुरव. सकाळी महादेवाला बेल वाहतो,
रात्री कासम पिंजाऱ्याच्या मागे तुणतुणं धरतो.
सव्वीस वर्षं झाली.
त्याचा डफ शेकायच्या शेणी माझ्याच परड्यातल्या.

कासमच्या आज्यानं त्या दगडावर पोवाडा बांधला होता.
वहीत नाही, तोंडात.
त्यात जैतोजी आणि शेरजमान पठाण
तीन दिवस लढतात, तलवारींच्या करवती होतात,
घोडी बसून घेतात.
तिसऱ्या दिवशी दिवस कलताना पठाण म्हणतो,
थांब, माझी वेळ झाली.
नदीला पाणी नसतं.
तो कोरड्या वाळूनंच हात-तोंड पुसतो
आणि मावळतीला तोंड करतो.

जैतोजीच्याच फौजेत
एक बंदूकवाला नेम धरून बसलेला.

इथे कासम डफ थांबवायचा.
न गाता, बोलल्यासारखं सांगायचा,
वीरानं शत्रूला पाठ दाखवली.
लोक हसायचे. हसू देऊन मग तो उचलायचा:

“तुझा तू देव आठव, पठाणा, वाळूत टेकून डोई
तुझ्या पाठीला माझी पाठ, मधून वाराबी जाणार न्हाई”

आणि आम्ही मागून जी जी.

पहाटे जैतोजी पिंडीवर पाणी घालतो,
तोवर पठाण त्याचा घोडा धरतो.
न्याहारीच्या वेळेला दोघं एकमेकांना मारतात.
कासम त्यात गूळ घालत नसे.
दोस्ती झाली नाही म्हणायचा,
फक्त देवाची वेळ झाली होती.

औंदा जत्रेच्या आदल्या दिवशी
कमिटीचा विक्रांत आला.
शाहीर, पठाणाचं कडवं गाळा,
पोरं तापतात, मारलं एवढं पुरे.
संध्याकाळी कासमचा जावई आला मिरजेहून.
मामू, डफावर नमाज शोभत नाही.
कासमनं दोघांना चहा पाजला.
दोघांचीही बशी त्यानंच विसळली.

रात्री त्या जागी तो आला, डफ थांबला.
जनरेटरचा आवाज तेवढा.
पुढे खुर्च्या, मागे माळावर माणसं,
झाडाखाली दोन पोलीस.
मी तार छेडत राहिलो, दुसरं काय करणार.
कासम वळला.
लोकांकडे पाठ, तोंड आमच्याकडे.
त्याचे ओठ हलत होते.
माइक पुढे राहिला होता, त्याच्या पाठीकडे बघत.
मला एक अक्षर ऐकू आलं नाही
आणि मी जी जी म्हणालो.

माणूस पाठ कोणाला दाखवतो?
ज्याच्यापासून पळायचं त्याला,
नाहीतर ज्याला राखायचं त्याला.
नुसत्या पाठीवरून
कोणाला कळलंय?

सकाळी पूजेचं उरलेलं पाणी घेऊन
मी शिवेवर गेलो.
खालच्या खणातलं शेवाळ नखानं खरवडलं.
वाकलेल्याचं कपाळ भुईला टेकलंय का
एवढंच बघायचं होतं.
दगड झिजलाय. बोटाला एक खळगा लागला,
खळग्यात मुंगी.
पाणी सोडलं, ते दोघांवरूनही ओघळलं.

तेवढ्यात पोरं आली, खिशात चिंचोके.
मी थोडा बाजूला सरकलो.